पायी वारीतले मच्छर, माशा, विंचू आणि साप: मुक्कामाचा क्रम कसा लावायचा

मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाणारी मुक्ताईंची पालखी महिनाभर चालते, अंतर सुमारे ७०० किलोमीटर. चैत्रात खान्देशातून सप्तशृंग गडाकडे निघणारे लोक आठवडाभरात पोचतात. दोन्ही वाटांवर औषधांची पिशवी गच्च भरलेली असते, तरी सकाळी उठल्यावर निम्म्या लोकांच्या अंगावर गांधी असतात, कुणाचा डोळा सुजलेला, कुणाच्या मानेवर भाजल्यासारखा पट्टा.

चावल्यानंतरची तयारी पुरी असते, आधीचा क्रम मात्र उलटा लागतो. मुक्कामावर पोचल्याबरोबर पथारी टाकायची, तिच्यावरच जेवायचं, डोक्यावर बल्ब टांगायचा आणि मच्छर फारच झाले की अंधारात मलम शोधत बसायचं. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमानं करा. मधला एक गाळला तर पुढचे तीन वाया जातात.

आधी ऋतू लक्षात घ्या. चैत्रात विंचू, आग्या मोहोळ आणि रात्री गरम राहिलेल्या डांबरी रस्त्यावर येणारे साप, हा मुख्य त्रास. जेठ-आषाढात मच्छर, माशा, उजेडावरचे किडे आणि मण्यार. एकच पिशवी दोन्हीकडे चालत नाही.

टप्पा १: निघण्याआधी आठ दिवस

मच्छरदाणीपासून सुरुवात करा. जाळी बारीक हवी. दर चौरस इंचात १५६ छिद्रं हे चांगल्या जाळीचं माप आहे आणि दुकानदाराला ‘१५६ मेश’ म्हटलं की कळतं. सामान ट्रकमध्ये जात असेल तर तळाला कापड आणि चेन असलेली फोल्डिंग मच्छरदाणी घ्या. ती मच्छरांइतकीच विंचू-सापालाही अडवते. पाठीवर ओझं नेणाऱ्यांनी साधी सिंगल जाळी, चार दोऱ्या आणि चार खुंट्या घ्याव्यात. घरी अंधाऱ्या खोलीत जाळीच्या आत टॉर्च लावून बाहेरून बघा, भोकं ताबडतोब दिसतात. ती सुई-दोऱ्यानं शिवा. चिकटपट्टी दमट हवेत दोन रात्रींत सुटते.

प्रत्येकाच्या पिशवीत एवढं असावं: फिकट रंगाची चादर (गडद गोधडीवर विंचू दिसत नाही), पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा कुर्ता, घोट्यापर्यंत पायजमा, झोपायचे वेगळे मोजे, डास पळवणाऱ्या मलमाच्या दोन ट्यूब, टोकदार चिमटा, कॅलामाईन लोशन, ओआरएसची पाच पाकिटं, चपला-बुटांसाठी तोंड बांधता येईल अशी जाड पिशवी. खाजेवरच्या सेट्रिझिन १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मोठ्या माणसांसाठी ठेवा, पण रात्रीच घ्या. दिवसा घेऊन महामार्गाच्या कडेनं पेंगत चालणं किड्यापेक्षा महागात पडतं.

दिंडी ४०-५० जणांची असेल तर सामायिक सामानात दोन खराटे, एक फावडं, झाकणाची पाण्याची पिंपं, ब्लीचिंग पावडर आणि एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च हवा. नोटा तपासायला दुकानात जांभळ्या उजेडाचा असतो तोच. काळोखात त्याचा झोत मारला की विंचू हिरवट-निळा चमकतो. साध्या टॉर्चमध्ये मातीच्या रंगाचा विंचू दोन हातांवरूनही दिसत नाही. झोत कुणाच्या डोळ्यावर मारू नका.

> सावध: कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात मिसळून राहुटीत किंवा सतरंजीवर मारू नका. आपल्या भागात ते प्रत्येक घरी असतं, म्हणून हात सहज जातो. शेतातलं कीटकनाशक झोपायच्या कापडावर मारलं तर ते रात्रभर कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. धान्यात ठेवायच्या गॅसच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, शिध्याच्या पोत्यात तर चुकूनही नको. त्याच ट्रकमध्ये किंवा त्याच खोलीत माणसं झोपली तर त्या वायूनं जीव जातो.

टप्पा २: मुक्कामाची जागा, दिवस असताना

पुढे जाणारे दोघे-तिघे सूर्यास्ताच्या निदान दीड तास आधी पोचले पाहिजेत. अंधार पडल्यावर निवडलेली जागा सहसा चुकीचीच निघते.

पऱ्हाट्यांचा ढीग, कडब्याची गंजी, विटांची थप्पी, गोवऱ्यांचा हुडवा, पडकी भिंत यांच्यापासून निदान ३० पावलं लांब राहा. अशा ढिगात उंदीर राहतात आणि उंदरांमागे साप येतात, विंचवाला फटीच लागतात. भिंतीचा आडोसा बरा वाटतो, म्हणून लोक नेमके भिंतीलगत डोकं करून झोपतात. साप-विंचू भिंतीच्या कडेकडेनंच फिरतात, तेव्हा डोकं मोकळ्या बाजूला ठेवा आणि भिंतीपासून हातभर तरी अंतर सोडा.

रावेर-यावलकडून येणाऱ्यांना केळीच्या बागेची सावली फार मोहात पाडते. दुपारच्या विसाव्यासाठीच ती वापरा. दाट सावली, ओल आणि वारा नाही, त्यामुळे संध्याकाळी तिथं मच्छरांचे थवे उठतात. रात्रीसाठी उंच, उघडी, वारा लागणारी जागा घ्या. जमिनीवर वारा वाहता असेल तर मच्छराला धड उडता येत नाही.

रथाचे किंवा गाडीचे बैल, सोबतची कुत्री पथारीपासून ५० फूट लांब बांधा. गोचीड त्यांच्या अंगावरून गवतात आणि गवतातून माणसावर येतात. शौचाचा चर १०० फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

सावलीला बसण्याआधी वर बघा. वड, पिंपळ, पाण्याची टाकी, पुलाची खालची बाजू इथं आग्या मोहोळ लटकलेलं असतं. मोहोळ असलेल्या वडाखाली चूल पेटवणं हे माशा उठण्याचं नेहमीचं कारण. धूर वर जातो आणि सगळं पोळं खाली येतं.

टप्पा ३: झाडणं, मग उजेड

शाळेची खोली असो की मोकळं रान, खराट्यानं झाडल्याशिवाय काही अंथरू नका. खोलीत बाकं भिंतीपासून ओढून मागची बाजू झाडा, कोपऱ्यातले जुने फलक आणि चटया काठीनं हलवा, हातानं नाही. रानात दगड उचलायचा तर पलीकडची कड आधी वर करा, म्हणजे खाली काही असेल ते तुमच्यापासून लांब पळेल. अंधार पडल्यावर जांभळ्या टॉर्चची एक फेरी पथारीच्या हद्दीभोवती आणि एक खोलीच्या कोपऱ्यांतून.

उजेडाची चूक सगळेच करतात. पांढरा झगझगीत बल्ब झोपायच्या जागेवर टांगला की पावसाळ्यातले सगळे किडे तिथं जमतात, त्यांच्यामागे बेडूक, बेडकांमागे साप. बल्ब पथारीपासून २५-३० फुटांवर, पिवळ्या उजेडाचा लावा आणि जेवणं झाली की बंद करा. राहुटीच्या आत मोठा दिवा नकोच, हातातला टॉर्च पुरे.

उजेडावर येणाऱ्यांत एक किडा ओळखून ठेवा: मुंगीपेक्षा थोडा मोठा, लांबोडका, तांबडा-काळा पट्टेदार. तो चावत नाही. मानेवर वळवळला म्हणून आपण चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडीवर फासला जातो. दुसऱ्या दिवशी तिथं भाजल्यासारखा लाल पट्टा आणि फोड येतात. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजून बंद होतो. सकाळी लोक त्याला ‘कोळी मुतला’ म्हणतात, पण कोळ्याचा त्यात काही हात नसतो. असा किडा अंगावर बसला तर फुंकर मारा किंवा कागदावर घेऊन उडवा. चिरडला गेलाच तर साबण-पाण्यानं लगेच धुवा.

> तपासा: या टप्प्याच्या शेवटी जागा झाडलेली, बैल लांब, दिवा लांब, आणि अजून एकही पथारी टाकलेली नाही. पथाऱ्या पडल्या असतील तर उचलायला लावा.

टप्पा ४: जेवण, पथारीपासून लांब

पथारीवर भाकर मोडायची नाही. भाकरीचा चुरा आणि शेंगदाण्याच्या चटणीचे कण सतरंजीत राहतात, रात्री मुंगळे येतात, उंदीर येतात. पंगत निदान ३० पावलांवर. खरकटं खड्ड्यात टाकून त्यावर माती लोटा, उघड्यावर फेकू नका.

माशांसाठी मलम नाही, झाकण आहे. शिजलेलं अन्न ताटलीनं नव्हे, पूर्ण तोंड झाकेल अशा झाकणानं बंद करा. ताटली कललेली राहते आणि फटीतून माशी आत जाते. शौचाच्या चरावर प्रत्येक वापरानंतर मूठ-दोन मुठी माती, सकाळ-संध्याकाळ ब्लीचिंग पावडर. चर उघडा राहिला की तीच माशी पाच मिनिटांत वरणावर बसते. दिंडीत एकाच दिवशी दहा जणांना जुलाब लागतात त्यात पाण्यासोबत या माशीचाही वाटा असतो.

महिनाभराचं पीठ एकदम दळून नेऊ नका. आषाढाच्या दमट हवेत दहा-बारा दिवसांत त्यात अळ्या आणि जाळी धरते. धान्य न्या आणि वाटेतल्या गावातल्या चक्कीवर आठवड्यापुरतं दळा. गूळ, लाडू, दशम्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. मुंग्या फार असतील तर डबा पाणी भरलेल्या परातीत उभा करा. मुंग्यांच्या खडूची रेघ डब्यावर किंवा ताटाजवळ नको, जमिनीवरच.

टप्पा ५: पथारी आणि जाळी

क्रम असा: ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, मग मच्छरदाणी ताणून बांधायची, मग गोधडी झटकून आत न्यायची, मग जाळीची कड चारी बाजूंनी वीतभर आत सतरंजीखाली खोचायची. खोचणं जाळी बांधल्याबरोबर झालं पाहिजे. उशिरा खोचलेल्या जाळीत आधीच शिरलेले चार मच्छर रात्रभर तुम्हालाच खातात.

जाळी ढिली ठेवू नका. अंगाला चिकटली तर मच्छर तिच्यातून चावतो, गुडघा आणि कोपर ही त्याची ठरलेली ठिकाणं. आत गेल्यावर टॉर्च फिरवून चारही कोपरे बघा.

खोचलेल्या जाळीचं खरं काम मण्यारीसाठी आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात शिरते आणि माणूस कुशीवर वळला की चावते. दात बारीक, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ, घशाला काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, पापण्या जड होतात, आणि लोक म्हणतात काल जेवण बाधलं. खोचलेली जाळी हा तिच्यावरचा सर्वात स्वस्त उपाय. मीठ, चुना, डांबर गोळ्या, अंगणाभोवतीची दोरी यांनी साप अडत नाही. डांबर गोळी फक्त पथारीला वास लावते.

मलम शेवटी, जाळीबाहेर राहिलेल्या वेळासाठी: हातपाय, मान, कानामागे. डोळे, ओठ, जखम आणि लहान मुलांचे तळहात सोडून. दिवसा उन्हाचं मलम लावत असाल तर ते आधी, मच्छरांचं त्यावर.

> सावध: बंद राहुटीत किंवा जाळीत मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल पेटवू नका. धूर कोंडतो आणि गोधडीचं टोक लागलं तर आग. लावायचीच तर दाराबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पत्र्याच्या ताटलीत. कडुनिंबाच्या पाल्याच्या धुरालाही हाच नियम.

टप्पा ६: रात्री उठताना आणि पहाटे निघताना

उठायचं तर आधी टॉर्च, मग चपला, मग पाय. चपला-बूट पिशवीत तोंड बांधून जाळीच्या आत पायाशी ठेवा. बाहेर राहिलेला बूट उलटा करून जमिनीवर आपटा आणि आत टॉर्च मारा. नुसता झटकून भागत नाही, विंचू पुढच्या टोकात धरून बसतो.

चैत्रात ऊन टाळायला बरेचजण रात्री दोन-तीनला निघतात. दिवसभर तापलेलं डांबर तेव्हाही कोमट असतं आणि साप ऊब घ्यायला त्यावर येतात. टॉर्चचा झोत पुढच्या पाच-सहा पावलांवर ठेवा, पायाशी नाही. अनवाणी चालण्याचा नवस असेल त्यानं रात्रीपुरतं वाहण घालायला देवीची हरकत नसावी. न घालणाऱ्यानं निदान दिंडीच्या मधोमध चालावं, पुढे नाही.

पथारी गुंडाळताना आधी झटका, मग घडी. न झटकता घातलेल्या वळकटीतून पुढच्या मुक्कामी विंचू निघतो आणि नवी जागा बदनाम होते.

टप्पा ७: चालताना

गवत, झुडपं टाळून चाला. पायजम्याचं टोक मोज्यात खोचा. दुपारी विसाव्याला आणि संध्याकाळी अंग बघा: काख, जांघ, कमरेचा नाडा बसतो ती जागा, कानामागे. गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीलगत तोंडापाशी धरा आणि सरळ, हळू वर ओढा. रॉकेल, चुना, पेटती काडी लावू नका. तो दाबला-भाजला की पोटातला मळ जखमेत ओकतो.

मोहोळाच्या माशा उठल्या तर खाली बसू नका, हातवारे करू नका. डोक्या-तोंडावर उपरणं घेऊन सरळ पळा, बंद गाडी किंवा घर गाठा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोटाळत थांबतात.

टप्पा ८: चावल्यावर

*मधमाशी.* काटा नखानं खरवडून लगेच काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. नंतर गार पाण्याचं कापड. चेहरा किंवा ओठ सुजले, दम लागला, चक्कर आली, किंवा खूप डंख असतील तर थेट १०८.

*विंचू.* मोठी काळी इंगळी पाहून लोक घाबरतात, लहान लाल विंचवाकडे दुर्लक्ष करतात. आहे उलटं. जाड नांग्यांच्या काळ्या इंगळीपेक्षा बारीक नांग्यांचा लाल विंचू जास्त घातक. नुसतं दुखत असेल तर गार पट्टी आणि मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल. घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या किंवा लाळ सुरू झाली तर वेळ घालवू नका. दवाखान्यात त्यासाठी प्राझोसिन हे औषध देतात आणि ते लवकर दिलं तर बरं. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका.

*साप.* चावलेल्याला चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवा. आवळपट्टी नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही. वेळ लिहून ठेवा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. फोनवर सांगताना एक काळजी घ्या: घोण म्हणजे मोठी गोम, घोणस म्हणजे साप. घाईत ‘घोण चावली’ आणि ‘घोणस चावला’ यात फार लोकांची गल्लत होते आणि समोरचा गाडी पाठवायची का नाही यावर अडतो.

*कानात किडा.* काडी, सेफ्टी पिन घालू नका. कान वर करून कोमट खोबरेलाचे दोन-तीन थेंब टाका, किडा मरतो. मग कान खाली करा. न निघाल्यास डॉक्टरकडे. कान वाहत असेल तर तेलही नको.

> सावध: खाज सुटली की दुकानातून ‘सगळ्यावर चालणारी’ स्टेरॉईडमिश्रित ट्यूब आणणं थांबवा. खरूज आणि गजकर्ण तिनं दोन दिवस दबतात, मग पसरतात.

टप्पा ९: घरी आल्यावर

वळकटी थेट घरात नेऊ नका. धर्मशाळेतले ढेकूण शिवणीत आणि पट्ट्याच्या घडीत बसून येतात. कपडे उकळत्या पाण्यातून काढा. जे धुता येत नाही ते चैत्रात काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून गच्चीवरच्या उन्हात दोन-तीन दिवस ठेवा. आषाढात ऊन मिळणार नाही, तेव्हा पिशवी बांधून बाहेरच ठेवा आणि ऊन पडल्यावर तशीच उन्हात ठेवा.

खरूज पहिल्यांदा होत असेल तर खाज दोन ते सहा आठवड्यांनी सुरू होते, म्हणून ती वारीतली आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला रात्री वाढणारी खाज ही तिची खूण. ५ टक्के परमेथ्रिनची मलई मानेपासून तळपायापर्यंत रात्री लावून सकाळी धुतात, आठवड्यानं पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायची, एकटा लावला तर ती परत येते. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

परतल्यावर महिन्याभरात थंडी-ताप आला तर डॉक्टरांना ‘पायी चालून आलोय, रानात झोपलो होतो’ एवढं आवर्जून सांगा, म्हणजे हिवतापाची तपासणी होते. तापासोबत काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर ती दाखवा. ती गवतातल्या माइट या बारीक किड्यामुळे होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची असू शकते आणि साध्या तापाच्या गोळीनं तो जात नाही. अशी खपली दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे आरशात मुद्दाम शोधावी लागते.

मच्छरदाणी धुऊन सावलीत वाळवा, पूर्ण सुकल्यावरच घडी घाला. ओली घडी घातलेली जाळी पुढच्या वर्षी काढली की घड्यांवर फाटते.